पत राखणारी माणसं

ऑक्टोबर २००३. दसरा-दिवाळीचे दिवस. मिठाईच्या डब्यासोबत किंवा त्याच्याऐवजी चॉकलेटचा डबा भेट द्यायची पद्धत शहरांत चांगली रुजत होती. नेमक्या त्याच वेळी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं, की मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटांमध्ये अळ्या सापडल्या आहेत. बातमी वाहिन्यांवर झळकली, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आली आणि घराघरांत आयांनी मुलांच्या हातातलं चॉकलेट काढून घेतलं.

कंपनीने सुरुवातीला बोट दाखवलं ते साठवणुकीकडे. कारखान्यातून माल चांगलाच निघतो, दुकानात तो नीट ठेवला जात नसेल, असा त्या खुलाशाचा सूर होता. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य असेलही. पण प्रशासनाने पॅकिंगवरच सवाल केला. वेष्टण पक्कं असेल तर अळी आत शिरते कशी? ग्राहकाच्या मनातही हाच प्रश्न होता. ऐन सणात विक्री घसरली.

त्यानंतर कंपनीने जे केलं ते उद्योग करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावं असं आहे. नेहमीच्या जाहिराती काही काळ थांबवल्या. ‘विश्वास’ नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि सुमारे १ लाख ९० हजार दुकानदारांपर्यंत पोचून चॉकलेट कसं साठवावं, हे समजावून सांगण्याची मोहीम आखली. नवी यंत्रं आणून वेष्टण बदललं. जुन्या सैल कागदाऐवजी उष्णतेने चिकटवलेली, हवाबंद वेष्टणं जानेवारी २००४ मध्ये बाजारात आली. पॅकिंगचा खर्च वाढला, तो कंपनीने सोसला. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती आल्या त्या नव्या वेष्टणासोबत. हळूहळू विक्री सावरली.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुकानदार, मग वेष्टण आणि त्याच्या जोडीला प्रसिद्ध चेहरा. हा क्रम उलटा झाला असता, म्हणजे वेष्टण तेच ठेवून पहिल्याच आठवड्यात मोठा नट पडद्यावर आणला असता, तर लोकांनी त्या नटावरही विश्वास ठेवला नसता. काय बोलायचं हे ठरवण्याआधी काय करायचं हे ठरवायला लावणं, हे चांगल्या जनसंपर्क अधिकाऱ्याचं पहिलं काम. आपल्याकडचे बहुतेक उद्योजक मात्र त्याच्याकडून फक्त दुसरं काम करून घेतात: झालेल्या निर्णयाची बातमी छापून आणणं.

विकत घेतलेली जागा आणि कमावलेली जागा

जाहिरात आणि जनसंपर्क यांची गल्लत नेहमी होते. जाहिरातीत आपण पैसे मोजून जागा विकत घेतो. त्या जागेत काय म्हणायचं ते आपणच ठरवतो आणि वाचणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. जनसंपर्कात जागा दुसऱ्याची असते. बातमी पत्रकार लिहितो, शिफारस ग्राहक करतो, ‘त्या कंपनीत मुलाला लावायला हरकत नाही’ असं शेजारी म्हणतो. त्यांच्या तोंडी आपण शब्द घालू शकत नाही. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन असतं आणि म्हणूनच ते मिळवायला वर्षं लागतात.

पत्रकार हा या कामाचा एक भाग झाला. कामगार, त्यांची कुटुंबं, कच्चा माल पुरवणारे, वितरक, बँका, भागधारक, सरकारी खाती आणि कारखान्याच्या भिंतीपलीकडचं गाव, या सगळ्यांशी कंपनीचं नातं असतं. त्यांपैकी एकाशी जरी ते बिघडलं तरी त्याची किंमत ताळेबंदात कुठे ना कुठे उमटते. संप, न्यायालयीन स्थगिती, रखडलेली परवानगी, मिळेनासा झालेला कुशल माणूस, ही सगळी बिघडलेल्या संबंधांची बिलं आहेत.

या पेशाची पायाभरणी

आधुनिक जनसंपर्काचा पाया अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातला गेला. त्या काळात रेल्वे आणि खाणकंपन्या अपघात झाला की आधी पत्रकारांना दूर ठेवत. आयव्ही ली हा मूळचा पत्रकार. १९०६ मध्ये त्याने आपली तत्त्वं लिहून संपादकांना पाठवली. आमचं काम उघडपणे चालेल, माहिती अचूक असेल आणि संपादकांना ती तपासून पाहायला आम्ही मदत करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. रेल्वेकंपनीसाठी काम करणाऱ्या लीने अफवा पसरण्याआधीच कंपनीचं निवेदन पत्रकारांच्या हाती दिलं. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ते जसंच्या तसं छापलं. आज आपण ज्याला प्रेसनोट म्हणतो, तिचा हा पहिला नमुना मानला जातो.

दुसरं नाव आर्थर पेज यांचं. १९२७ मध्ये ते एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत उपाध्यक्ष म्हणून गेले. नुसती प्रसिद्धी करणार नाही, कंपनीचं धोरण ठरवताना माझं मत घेतलं गेलं पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती आणि कंपनीने ती मान्य केली. कंपनीबद्दल लोकांचं जे मत बनतं ते नव्वद टक्के तिच्या वागण्यातून आणि दहा टक्के तिच्या बोलण्यातून, असं त्यांच्या नावाने आजही शिकवलं जातं.

भारतात टाटा उद्योगसमूहाने १९४३ मध्ये मुंबईत जनसंपर्क विभाग सुरू केला. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९६८ साली २१ एप्रिलला दिल्लीच्या परिषदेत या पेशाची आचारसंहिता स्वीकारली गेली आणि पुढे तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

पहिले काही दिवस

या कामाचं मोल मापायला १९८२ चं टायलेनॉल प्रकरण आजही सर्वांत उपयोगी पडतं. सप्टेंबरच्या शेवटी शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतलेली सात माणसं दगावली. कोणीतरी दुकानातल्या बाटल्यांमध्ये सायनाइड भरलेल्या कॅप्सूल मिसळल्या होत्या. तो कोण, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला ही बातमी पहिल्यांदा कळली ती तिच्या जनसंपर्क विभागाला शिकागोच्या एका पत्रकाराने केलेल्या फोनमुळे. पोलिसांकडून किंवा डॉक्टरांकडून कळण्याआधी. पत्रकार ज्यांना सहज फोन करतात, अशी माणसं कंपनीत असणं किती मोलाचं असतं, हे इथे दिसतं.

याच प्रकरणातला एक कमी सांगितला जाणारा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या कारखान्यात सायनाइड नसतंच, असं कंपनीने सुरुवातीला पत्रकारांना सांगितलं होतं. नंतर आत चौकशी केल्यावर कळलं, की दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते थोड्या प्रमाणात वापरलं जातं. त्याचा विषबाधेशी काडीचाही संबंध नव्हता. कोणी म्हणालं असतं, कशाला उगाच सांगायचं? कंपनीने आपलं आधीचं विधान दुरुस्त केलं. हीच गोष्ट दोन आठवड्यांनी एखाद्या वार्ताहराने खणून काढली असती तर पुढचं एकही निवेदन कोणी खरं मानलं नसतं. लॉरेन्स फॉस्टर हे त्या वेळी कंपनीच्या जनसंपर्काचे प्रमुख होते आणि अध्यक्ष जेम्स बर्क यांच्यासोबत निर्णयाच्या खोलीत बसत होते.

पुढे कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. वेदनाशामकांच्या बाजारातला ब्रँडचा साधारण ३५ टक्के वाटा काही आठवड्यांत ७-८ टक्क्यांवर आला. नाव बदला, हा ब्रँड संपला, असं जाणकार सांगत होते. नोव्हेंबरमध्ये तीन वेगवेगळ्या सीलांची नवी बाटली घेऊन टायलेनॉल परतलं. उपग्रहाच्या मदतीने अनेक शहरांतल्या पत्रकारांशी एकाच वेळी संवाद साधला गेला. वर्षभरात गेलेला बहुतेक बाजार परत आला.

बरोबर असूनही हरणं

आता दुसरी बाजू. मार्च २०१४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत एका अन्न निरीक्षकाने मॅगी नूडल्सचा नमुना घेतला. कोलकात्याच्या प्रयोगशाळेने त्यात शिसं दहा लाखांत १७.२ भाग असल्याचं सांगितलं. परवानगी होती २.५ भागांची. मे २०१५ मध्ये बातमी फुटली. मॅगी बनवणाऱ्या नेस्लेला आपल्या चाचण्यांवर भरवसा होता, त्यामुळे कंपनीने प्रयोगशाळेच्या भाषेत मोजकी निवेदनं काढली आणि हे वादळ शमेल म्हणून वाट पाहिली. लोक मात्र साधा प्रश्न विचारत होते: आज संध्याकाळी मुलांना मॅगी द्यायची की नाही? त्याचं साधं, ठळक उत्तर वेळेत आलं नाही. टेलिव्हिजनवर मॅगीच्या होळ्या पेटल्या. ५ जूनला देशव्यापी बंदी आली. त्याच दिवशी कंपनीचे जागतिक प्रमुख दिल्लीत पत्रकारांसमोर आले, पण तोवर उशीर झाला होता.

१३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला म्हणणं मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त होती त्यांना या चाचणीसाठी आवश्यक मान्यता नव्हती, असं न्यायालयाने म्हटलं. नव्या चाचण्यांत शिसं मर्यादेतच निघालं. ९ नोव्हेंबरला मॅगी पुन्हा दुकानांत आली. तोवर ३० हजार टनांहून अधिक माल नष्ट करावा लागला होता आणि एप्रिल ते जून या तिमाहीत नेस्ले इंडियाने ६४ कोटी रुपयांचा तोटा दाखवला होता. न्यायालयात जिंकलेल्या कंपनीची ही स्थिती. वकील खटला सांभाळतो. लोकांच्या मनातला खटला त्याच वेळी, दुसऱ्या दालनात चाललेला असतो आणि तो लढवायला वेगळा माणूस लागतो.

रोजचं, न दिसणारं काम

संकटं क्वचित येतात. मग बाकीचे दिवस या माणसाने काय करायचं? संकटात ज्या शिदोरीवर तग धरायचा, ती बांधायची.

एक साधी प्रेसनोट घ्या. जिल्ह्याच्या दैनिकात संध्याकाळी उपसंपादकासमोर प्रेसनोटांचा ढीग पडतो. बऱ्याच जणींची सुरुवात एकसारखी: अमुक उद्योगसमूहाचे सर्वेसर्वा तमुक यांच्या शुभहस्ते, मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत, मोठ्या उत्साहात. खरी बातमी तिसऱ्या परिच्छेदात. आकडा एकही नाही. फोटोत अकरा जण, नावं चौघांचीच. अशी नोट छापली तरी वाचकाच्या हाती काही लागत नाही. जाणत्या माणसाची नोट वेगळी असते. पहिल्याच वाक्यात नवा कारखाना कुठे, कधीपासून आणि किती जणांना काम. दुसऱ्या परिच्छेदात पाणी कुठून घेणार, सांडपाण्याचं काय करणार. कारण गावात पहिला प्रश्न तोच निघणार, हे त्याला माहीत असतं. फोटोओळीत नावं डावीकडून, आडनावं तपासून घेतलेली. शेवटी एक मोबाइल क्रमांक, जो रात्री दहालाही उचलला जातो. पानभर मजकुरातून पत्रकाराला कळतं, की या कंपनीची माहिती भरवशाची असते. त्याचा उपयोग पुढे होतो.

तो कसा? समजा, महाड, लोटे किंवा तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीत रात्री दोन वाजता एखाद्या रासायनिक कारखान्यातून उग्र वास सुटला. पंधरा मिनिटांत गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश फिरू लागतो. त्यात जुन्या, भलत्याच ठिकाणच्या स्फोटाचा व्हिडिओही येतो. कारखान्यात सगळे व्हॉल्व्ह बंद करण्यात गुंतलेले आणि व्यवस्थापकाचा हुकूम असा, की मुख्यालयाची परवानगी येईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही. सकाळपर्यंत फाटकावर जमाव. आता दुसरं चित्र पाहा. जनसंपर्क अधिकाऱ्याकडे सरपंच, पोलीस पाटील, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि दोन-तीन वार्ताहर यांचे क्रमांक आधीच आहेत. ओळखही आहे. अर्ध्या तासात तीन ओळी जातात: कोणत्या विभागात गळती झाली, काय करायचं आणि काय टाळायचं, पुढची माहिती किती वाजता मिळेल. कारण ठाऊक नसेल तर ‘तपास चालू आहे’ एवढंच. आणि सांगितलेल्या वेळेला माहिती खरोखर येते. गळती दोन्हीकडे तीच. गावाशी असलेलं नातं मात्र वेगळं.

अफवेची ताकद बँकांना विचारा. एप्रिल २००३ मध्ये गुजरातेत आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा उठली आणि लोकांनी एटीएमसमोर रांगा लावल्या. बँकेला तातडीने रोकड पोचवावी लागली आणि बँकेकडे पुरेसा पैसा आहे, असं रिझर्व्ह बँकेला जाहीरपणे सांगावं लागलं. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर तालुक्याच्या पतसंस्थेचं काय? ठेवीदारांशी वर्षभर कोणी बोलत नाही आणि रांग लागली की व्यवस्थापक शटर अर्धं खाली ओढतो. अर्धं शटर पाहून रांग दुप्पट होते.

अफवेपुढे गप्प राहू नका, हे आता कायदाही सांगतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून, शेअरच्या भावात लक्षणीय हालचाल घडवणाऱ्या माध्यमांतल्या अफवांची २४ तासांत पुष्टी, इन्कार किंवा खुलासा करावा लागतो. मौन हा पर्याय या कंपन्यांपुरता तरी संपला आहे.

मोजायचं कसं आणि थांबायचं कुठे

मालकाचा रास्त प्रश्न असतो: यातून मिळतं काय? पूर्वी बातमीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून, तेवढ्या जागेला जाहिरातीचा दर लावून रक्कम काढायचे. २०१० मध्ये बार्सिलोनात जमलेल्या या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी जाहीर केलं, की ही मोजणी जनसंपर्काचं मोल सांगत नाही. ते खरंच आहे. बदनामीची बातमीही अर्धं पान घेते. त्यापेक्षा हे विचारावं: तक्रारीची दखल किती वेळात घेतली? आपली बाजू न विचारता छापलेल्या बातम्या कमी झाल्या का? कामगाराला कंपनीची बातमी आधी आपल्याकडून कळते की चहाच्या टपरीवर? गावसभेत आपल्या बाजूने बोलायला कोणी उभं राहतं का?

या पेशाला काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. एडवर्ड बर्नेज यांनी १९२९ मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्टर संचलनात तरुणींच्या हाती सिगारेटी देऊन धूम्रपानाला स्त्रीस्वातंत्र्याचं रूप दिलं. पैसे तंबाखू कंपनीचे होते. लंडनच्या बेल पॉटिंजर या नामवंत संस्थेने दक्षिण आफ्रिकेत एका उद्योगपती कुटुंबासाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या व्यावसायिक संघटनेने तिला काढून टाकलं आणि त्याच महिन्यात ती संस्था कोसळली. दुसऱ्यांची पत सांभाळणाऱ्यांना स्वतःची सांभाळता आली नाही. जनसंपर्काने वाईट माल चांगला होत नाही. नदीत सोडलेलं सांडपाणी वृक्षारोपणाच्या फोटोंनी स्वच्छ होत नाही. ‘होईल’ असं जो सांगतो, त्याला दारातूनच परत पाठवावं.

मग चांगला माणूस ओळखायचा कसा? मुलाखतीत त्याला विचारा, की मालकाला ‘हे करू नका’ असं तुम्ही कधी सांगितलंत आणि त्याचं पुढे काय झालं. पत्रकार ओळखीचे आहेत, हे सगळेच सांगतात. ज्याला तुमच्या उत्पादनातलं तांत्रिक अंग समजून घ्यायची भूक आहे, जो पाळी बदलताना फाटकावर उभा राहून कामगारांचं बोलणं ऐकतो आणि ऐकलेलं तिखट-मीठ न लावता, साखरेतही न घोळवता तुमच्यापर्यंत आणतो, तो तुमच्या कामाचा. आणि असा माणूस मिळाला की त्याला हारतुरे, गाड्यांची व्यवस्था आणि पाहुण्यांची सरबराई यांत अडकवू नका.

लहान उद्योजकाला पूर्ण वेळ अधिकारी परवडणार नाही. त्याची गरजही नाही. पण दहा कामगारांच्या वर्कशॉपलाही तीन गोष्टी करता येतात. कंपनीच्या वतीने बोलणारी एक व्यक्ती ठरवून ठेवा. आलेल्या प्रत्येक तक्रारीला त्याच दिवशी उत्तर द्या, मग ते ‘पाहून सांगतो’ एवढंच का असेना. आणि चूक झाली तर ती दुसऱ्याने सांगण्याआधी स्वतः सांगा.

मोठ्या उद्योजकांना मात्र एकच विनंती आहे. पुढच्या बैठकीत दरवाढ, कामगारकपात, नवी जागा किंवा जुना प्रकल्प बंद करणं, असा कोणताही निर्णय असेल तर जनसंपर्क अधिकाऱ्याला त्या बैठकीत बसवा. निर्णय झाल्यावर मसुदा लिहायला बोलावू नका. ‘लोक काय विचारतील?’ हा प्रश्न त्याला सगळ्यांच्या आधी मांडू द्या आणि उत्तर पटत नसेल तर निर्णय एक दिवस लांबवा. त्या एका दिवसाची किंमत, उद्या करावी लागणाऱ्या सारवासारवीपेक्षा नेहमीच कमी असते.